डबा, गोष्ट, चप्पल, मग आजी

विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. ऊनच तसं असतं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, उलटलेला असतो, मृगाची एखादी सर येऊन गेलेली असते, पण कूलर अजून खिडकीतून निघालेला नसतो. पुण्या-मुंबईची लेकरं दप्तर घेऊन निघतात तेव्हा आपल्याकडची आजोळी आंबे चोखत असतात. या उशिरामुळे पहिल्यांदा बालवाडीत जाणाऱ्या लेकराच्या तयारीला जूनचे आठवडा-दोन आठवडे जास्तीचे मिळतात, आणि बहुतेक घरी ते नुसते झोपेत जातात.

माझी बालवाडी नागपुरात मानेवाड्याकडच्या एका ले-आउटमध्ये, घराच्या खालच्या मजल्यावर आहे. प्रवेशाला आलेले आईबाबा विचारतात, घरी काय शिकवून ठेवू? एबीसीडी येते, वीसपर्यंत आकडे येतात, रंग सगळे येतात. मी म्हणते, ते राहू द्या. त्याला डब्याचं झाकण उघडता येतं का, ते सांगा. आई आजीकडे पाहते, आजी माझ्याकडे, आणि तिथून आमचं खरं बोलणं सुरू होतं.

पहिली गोष्ट मी हीच सांगते की तीन वर्षांच्या लेकराला घड्याळ कळत नाही. ‘साडेबाराला येते हं’ हे वाक्य तुमच्यासाठी आहे, त्याच्यासाठी नाही. त्याच्या लेखी साडेबारा म्हणजे कधीच नाही. कशानंतर काय येतं, हे मात्र त्याला पक्कं ठाऊक असतं. आंघोळ झाली की पावडर, पावडर झाली की कपडे. एखाद्या दिवशी पावडर राहिली तर तोच हात वर करून उभा राहतो. बालवाडीत रुळायचं म्हणजे असाच एक नवा क्रम अंगवळणी पडायचा. तो एकदा बसला की रडणं आपोआप उतरतं, कारण आई कधी येणार याचं उत्तर त्याला स्वतःला काढता येतं.

म्हणून प्रवेशाच्याच दिवशी शाळेला दिवसाचा क्रम विचारा. वेळापत्रकाचा छापील कागद नको, नुसता क्रम. आमच्याकडे तो असा: आधी चपला आणि दप्तर जागेवर, मग मोकळा खेळ, मग गोल करून गाणी, मग माती किंवा पाणी किंवा ठोकळे, मग हात धुऊन डबा, मग अंगणात घसरगुंडी, मग गोष्ट. गोष्ट झाली की चप्पल, चप्पल घातली की घरचं माणूस. धावपळीचं झालं की बसायचं, बसून झालं की पुन्हा पळायचं, असं ते मुद्दाम लावलेलं असतं, कारण या वयात एका जागी फार वेळ बसवत नाही. तुमच्या शाळेचा क्रम वेगळा असेल, हरकत नाही. तो घरी पाठ करा. स्कूटीवर बसल्यावर, भाजी निवडताना, झोपवताना: ‘गाणी झाली की काय? माती. माती झाली की? डबा.’ फ्रिजवर चार चित्रं काढून चिकटवा. चित्र कसं का असेना, डब्यासारखा चौकोन आणि चपलेसारखी चप्पल दिसली म्हणजे झालं. शेवटच्या चित्रात मात्र जे माणूस खरोखर घ्यायला येणार तेच हवं. आजी येणार असेल तर आईचं चित्र काढू नका.

आधी झोप

नागपूरच्या मे महिन्यात सगळं घर दुपारी कूलरपुढे पडतं ते पाचला उठतं. मग उन्हं उतरल्यावर फुटाळा तलावावर चक्कर, बर्फाचा गोळा, रात्री अकरा-साडेअकराला झोप आणि सकाळी नऊला डोळे उघडणार. हेच लेकरू सत्तावीस-अठ्ठावीस जूनला सात वाजता उठवून, अर्धवट झोपेत दूध पाजून फाटकाशी आणलं की ते रडणारच. त्याला शाळा नकोशी झालेली नसते, त्याची झोप अपुरी झालेली असते.

तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यात दुपारची झोपही धरली आहे. हिशेब उलटा मांडा: सातला उठायचं असेल आणि दुपारी दीड तास झोप होत असेल तर रात्री नऊ-साडेनऊला दिवा मालवायला हवा. सुरुवात उठवण्यापासून करा. झोपवणं आपल्या हातात नसतं, उठवणं असतं. दर दोन-तीन दिवसांनी पाव-पाव तास अलीकडे उठवा. दुपारची झोप तोडू नका, पण चारच्या पुढे जाऊ देऊ नका. पडदा सारा, कूलर बंद करा, ते कुरकुरत का होईना उठतं. आठवड्याभरात रात्री नऊला पापण्या जड व्हायला लागतात. घरात टीव्ही अकरापर्यंत चालू असेल तर यातलं काहीच होणार नाही, हे मी घरच्या आबांसमोरच, म्हणजे आजोबांसमोरच, सांगते.

सकाळचा क्रमही याच दिवसांत लावून घ्या: उठणं, शी, दूध, आंघोळ, कपडे. सकाळी मोबाइल देऊ नका. तो हातातून काढून घेण्याचं भांडण शाळेच्या भांडणात मिसळलं की मग कोण कशासाठी रडून राहिलं, कुणालाच कळत नाही.

बाटली, डबा, चड्डी

यातलं सगळं घरी करून पाहायचं असतं, दुकानात नाही. दप्तर, डबा, बाटली आणली की लगेच कपाटात ठेवू नका. रोज एकदा घरीच ‘डबा-डबा’ खेळा. चार बाजूंना क्लिपा असलेला, हवाबंद, दिसायला भारी डबा तीन वर्षांच्या बोटांना उघडत नाही. एका बाजूची सैल क्लिप असलेला साधा डबा घ्या. बाटलीही फिरकीच्या झाकणाची किंवा साध्या नळीची. बटण दाबून फटकन उघडणाऱ्या बाटलीने निम्मा वर्ग ओला होतो.

पहिल्या पंधरवड्यात डब्यात नवीन काही देऊ नका. घरी आवडीने खातो तेच, हाताने उचलता येईल असं: गुळतुपाचा पोळीचा लाडू, थालिपिठाचे तुकडे, शंकरपाळे, धिरडं. पोहे-उपमा घरी भरवलेला असतो, शाळेत चमचा पकडण्यातच वेळ जातो. आणि कमी द्या. रिकामा डबा घरी नेण्यात त्यालाही शान वाटते. उरलेल्या डब्यावरून घरी बोलणी बसली की दुसऱ्या दिवशी ते डबाच उघडत नाही.

चड्डी इलॅस्टिकची. बेल्ट, हुक, डंगरी, जीन्सचं बटण हे सगळं वाढदिवसाला ठेवा. घरी कमोड असेल आणि शाळेत भारतीय पद्धतीचं शौचालय असेल, किंवा उलट, तर जूनमध्येच कुणाकडे तरी नेऊन सवय करा. लेकरू शू-शीसाठी कोणता शब्द वापरतं ते शिक्षिकेला आणि मावशींना लिहून द्या. घरोघरी वेगळे शब्द असतात, आणि काही मुलं घाईच्या वेळी नुसती पाय आवळून उभी राहतात. इंग्रजी माध्यमात घातलं असेल तरी टॉयलेटचं इंग्रजी वाक्य घोकून घेण्याचा ध्यास धरू नका. मराठीत किंवा हिंदीत सांगितलं तरी नागपुरातल्या कुठल्याही बाईंना कळतं. शाळेत जायला घाबरून लेकरू सकाळभर शू दाबून ठेवत असेल, घरी आल्या आल्या बाथरूमकडे पळत असेल, तर लगेच सांगा. पाणी पिणंही ते टाळत असतं, आणि आपल्याकडचा जुलै पाऊस पडला तरी घामाचाच असतो.

रेनकोट घालायची आणि काढायची सवय घरीच करा. काही मुलांना डोक्यावरची टोपी अजिबात सहन होत नाही, आणि हे फाटकाशी भर पावसात कळण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट आईबाबांच्या लक्षात राहत नाही. ३१ डिसेंबरपर्यंत ३ वर्षं पूर्ण होत असतील तर आपल्याकडे नर्सरीत प्रवेश होतो. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं लेकरू जूनमध्ये जेमतेम अडीच वर्षांचं असतं आणि त्याच्याशेजारी बसलेलं जानेवारीतलं लेकरू साडेतीनच्या घरात. या वयात एक वर्ष म्हणजे आयुष्याचा तिसरा हिस्सा. शेजारणीची मुलगी टाटा करून आत गेली आणि तुमचा मुलगा पायाला मिठी मारून बसला, तर आधी दोघांच्या जन्मतारखा पाहा.

फाटकाशी

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे, म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

निरोप घरीच ठरवा आणि तो रोज तोच ठेवा. एक पापी, एक वाक्य, एक टाटा. वाक्य असं: ‘गोष्ट झाली, चप्पल घातली की आजी येईल. येते हं.’ मग वळा आणि चालायला लागा. एवढंच करायचं असतं, पण त्याला फार धीर लागतो, हे मी रोज पाहते. एक बाबा गेल्या वर्षी लेकराला माझ्या कडेवर देऊन म्हणाले, ‘तुम्ही आत न्या बाप्पा, मी पाहतच नाही,’ आणि गाडी चालू करून निघून गेले. त्यांचा मुलगा माझ्याकडे सगळ्यात लवकर रुळला.

लेकरू खेळण्यात गुंतलं की हळूच पसार व्हायचं, हा सल्ला घरोघरी दिला जातो आणि तो सरळ चुकीचा आहे. त्या दिवशी रडणं वाचतं. पण लेकराने मान वर केली की आई गायब! मग ते खेळण्यात गुंतायचंच सोडतं. घरीसुद्धा तुम्ही बाथरूममध्ये गेलात की दार वाजवायला लागतं. समोरून निरोप घेतल्यावर ते रडेल, पण तुम्ही गेल्याचं आणि जाताना काय सांगितलं याचं भान त्याच्याजवळ राहील.

खिडकीतून डोकावू नका. लेकराला तुमची ओढणी दुरून ओळखता येते. ‘मी इथेच बाहेर बसते’ असं बसणार नसाल तर म्हणू नका. रडण्याचा आवाज ऐकून परत फिरू नका; एकदा फिरलात की क्रम मोडता येतो हे त्याला कळतं, आणि दुसऱ्या दिवशी तो मोडून पाहणं हेच त्याचं काम होतं. ‘रडलास तर बाई मारतील’ हे म्हणणाऱ्या आज्यांना मी कोपऱ्यात घेऊन सांगते की आजी, आता हेच लेकरू मी तीन तास सांभाळणार आहे, माझं नाव असं खराब नका करू. चॉकलेटचं आमिषही नको. शाळेत जाणं इतकं वाईट आहे की त्याबद्दल काहीतरी द्यावं लागतं, असाच त्याचा अर्थ होतो.

सोडायला कोणी यावं? ज्याच्या गळ्यात ते कमी पडतं त्याने. बहुतेक घरी तो बाबा किंवा आजोबा असतो. आईला वाईट वाटतं, पण पहिल्या दोन आठवड्यांपुरतं चालवून घ्या. आणि घ्यायला येणारं माणूस गोष्ट संपायच्या आधी फाटकाशी हवं. क्रमातली शेवटची कडी चुकली की आधीच्या सगळ्या खोट्या ठरतात. ऑटो किंवा व्हॅन लावायची असेल तर ती जुलैच्या मध्यावर लावा, आधी घरच्यांनीच ने-आण करा.

काही शाळा पहिले दोन-तीन दिवस तासभरच ठेवतात आणि एका पालकाला आत बसू देतात. तुमची शाळा असं करत असेल तर आत बसा, पण स्वतः खेळवू नका. भिंतीला टेकून भाजी निवडत बसल्यासारखं बसा, म्हणजे लेकरू कंटाळून दुसऱ्यांकडे वळतं. शाळा आत येऊ देत नसेल तर हाच सराव जूनमध्ये आपल्या स्कीममधल्या (अपार्टमेंटमधल्या) काकूंकडे करा. तोच निरोप, अर्धा तास, ठरलेला क्रम, आणि कबूल केल्याप्रमाणे परत येणं.

तुम्ही नजरेआड झाल्यावर आत काय होतं, तेही सांगते. मी लेकराला ‘रडू नको’ म्हणत नाही. कडेवर घेऊन पाण्याच्या टबाशी नेते. पाण्यात हात गेला की हुंदके विरळ होत जातात. ज्याला पाणी नको त्याला काम देते: घंटा वाजवायची, सगळ्यांची दप्तरं खुंटीला लावायची, मावशींबरोबर सतरंजी अंथरायची. काम असलेलं लेकरू कमी रडतं. आईची ओढणी किंवा जुना मऊ रुमाल दप्तरात असेल तर मी तो काढून हातात देते. तो धुऊन पाठवू नका, वास जायला नको.

रडणाऱ्यांची मला तितकी काळजी नसते. मी लक्ष ठेवते ते दोघांवर. एक, जे अजिबात रडत नाही, बोलत नाही, दप्तराला टेकून बसून राहतं. त्याचे आईबाबा खूश असतात, ‘आमचं काही त्रास देत नाही’ म्हणतात. दुसरं, जे पहिला आठवडा नाचत येतं आणि नवलाई संपल्यावर दुसऱ्या आठवड्यात फाटकाशी आडवं पडतं. हे रोजच करायचं आहे, ही बातमी त्याला तेव्हा कळलेली असते. या दुसऱ्या प्रकारात घरचे फार घाबरतात, शाळेत काही झालं का म्हणून विचारतात. विचारा जरूर. बहुतेक वेळा झालेलं काही नसतं.

घरी आल्यावर

‘आज काय शिकवलं?’ याचं उत्तर ‘काही नाही’ असंच येणार. विचारायचंच असेल तर ‘डबा कुणाजवळ बसून खाल्ला?’ असं विचारा, तेही जेवून-झोपून उठल्यावर. शाळेत शहाण्यासारखं वागलेलं लेकरू घरी येऊन चप्पल उलटी निघाली म्हणून गडबडा लोळतं. सकाळभर धरून ठेवलेलं ते घरच्या माणसांसमोर सुटतं. वरण-भात द्या, झोपवा.

संध्याकाळी त्याला बाई होऊ द्या आणि तुम्ही लेकरू व्हा. शाळा-शाळा खेळताना ते जसं बोलेल, जे गाणं म्हणेल, कुणाला ओरडेल, त्यावरून वर्गात काय चालतं ते विचारण्यापेक्षा जास्त कळतं.

शाळेतल्या खेळांची ओळख घरी दहा-पंधरा मिनिटांत होते, त्यासाठी महागड्या किटची गरज नाही. न्हाणीत लोटीतून पेल्यात पाणी ओतणं. कणकेचा गोळा. जुना पेपर फाडून तुकड्यांचा ढीग करणं. दाराशी पडलेल्या चपलांच्या जोड्या लावणं. टोपलीतले बटाटे, कांदे, लिंबं वेगळी करणं. निवडायला तूर, मटकी किंवा चिंचोके देऊ नका. या वयातली मुलं ते नाकात घालतात आणि मग डॉक्टरांकडे धावावं लागतं. दिवाळीच्या सुमाराला आंबिया बहाराची संत्री आली की ती सोलायला द्या. आपल्या संत्र्याची साल सैल, लेकराच्या नखालाही निघते, आणि फोडीवरचे दोरे काढण्यात जी बोटं चालतात तीच पुढे पेन्सिल धरतात. त्याआधी पेन्सिलची घाई नको. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही ३ ते ८ हा पायाभूत टप्पा खेळ आणि कृतींवर उभा केलेला आहे. तरी ऑगस्ट उजाडला की ‘वहीत काहीच लिहिलं नाही’ असं विचारणारे आईबाबा माझ्याकडे येतात. मी त्यांना मातीचा बैल दाखवते, त्यांच्याच लेकराने केलेला.

पोळ्यानंतर

जुलै संपता संपता वर्ग शांत होतो. मग राखी, १५ ऑगस्ट, पोळा अशा सुट्ट्या येतात, मध्ये एखादा सर्दी-ताप होतो, कारण एवढ्या मुलांत लेकरू पहिल्यांदाच आलेलं असतं. ताप असेल तर घरी ठेवा. चार दिवस घरी राहिलं की पाचव्या दिवशी फाटकाशी पुन्हा रडारड. केलेलं सगळं वाया गेलं असं वाटतं, तसं काही नसतं. फ्रिजवरची चित्रं पुन्हा दाखवा, तोच निरोप घ्या. या खेपेला ते लवकर उतरतं. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी दप्तर त्याच्याकडूनच भरून घ्या.

तान्हा पोळा तर आपला नागपूरकरांचा, भोसल्यांच्या काळापासूनचा. लाकडी बैल सजवून लेकरं दारोदार जातात, बोजारा (खाऊ-पैसे) मागतात. बालवाडीत आम्ही तो एक-दोन दिवस आधी करून घेतो. धोतर-टोपी, नऊवारी हौसेने घाला, पण आत इलॅस्टिकची चड्डी असू द्या, आणि बैल त्याला स्वतःला ओढता येईल एवढाच आणा. मोठ्या बैलासाठी आबांना आत यावं लागतं, आबा आले की रडणं आलं. तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी इतवारी-महालात काळी-पिवळी मारबत आणि बडगे यांची मिरवणूक निघते. गर्दी, ढोल, ते अक्राळविक्राळ पुतळे. पहिल्या वर्षी तीन वर्षांच्या लेकराला खांद्यावर बसवून अगदी पुढे नेऊ नका. दुसऱ्या दिवशी शाळा असते आणि रात्रभर ते दचकून उठलेलं असतं.

इतकं करूनही एखादं लेकरू रुळत नाही. महिना-दीड महिना झाला, रोजचं रडणं ओसरत नाही, डबा तसाच परत जातो, शू दाबून ठेवतं, रात्री ओरडत उठतं. किंवा छान रुळलेलं लेकरू अचानक एका दिवसापासून यायला नकार देतं. अशा वेळी क्रमाचा हट्ट बाजूला ठेवून शिक्षिकेजवळ बसा, काय बदललं ते दोघी मिळून शोधा. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा जी मुलं शाळेपर्यंत येत नव्हती त्यांच्या अंगणातच बालवाडी नेली. आपल्याला तेवढं करायचं नाही, पण वर्गातल्या एखाद्या सवंगड्याला संध्याकाळी घरी खेळायला बोलावता येतं. ओळखीचा एक चेहरा आत असला की फाटकातून पाय टाकणं सोपं जातं. कधी शाळेचे तास कमी करून पाहता येतात. आणि डिसेंबरात जन्मलेलं, अजून नीट बोलत नसलेलं लेकरू असेल तर मी सरळ सांगते, घरी न्या. घरी न्हाणी आहे, कणीक आहे, चपला आहेत. पुढच्या जूनमध्ये आणा, जागा ठेवते.